हार्ड डिस्क वारंवार ‘फॉरमॅट करा’ म्हणते: आधी फोटो वाचवा, मग कारण शोधा

लक्षण असं. कालपर्यंत नीट चालणारी पोर्टेबल हार्ड डिस्क आज लावली की विंडोज म्हणतं, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. ओळखीतलं कुणीतरी फॉरमॅट करून देतं, डिस्क चालू होते, तिच्यात पुन्हा फोटो भरले जातात आणि काही महिन्यांनी तोच निरोप परत येतो. दर खेपेला काही वर्षांचे फोटो जातात. बारसं, मुंज, आजीची शेवटची दिवाळी.

नागपूरच्या घराघरात सगळे या डिस्कला ‘बॅकअप’ म्हणतात, पण ती बॅकअप नसते. फोनची मेमरी भरली म्हणून फोटो कट करून तिच्यात पेस्ट केलेले असतात. फोटोंची जागा बदलली, प्रत मात्र एकच राहिली. डिस्क बिघडणारच, तो तिचा धर्म आहे. त्याबरोबर फोटो जातात ते प्रत एकच असल्यामुळे. म्हणून या दुखण्याचे दोन भाग करा: आज समोर पडलेली डिस्क, आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून बदलायची पद्धत.

आज काय करायचं

‘कॅन्सल’ दाबा. डिस्कवर एकही नवीन फाइल लिहू नका. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ करू का विचारतं, तिथेही नाही म्हणा. ती दुरुस्ती फाइल व्यवस्थेची असते, फोटोंची नव्हे. डिस्कचे सेक्टर (माहिती ठेवायचे छोटे कप्पे) खराब होत असतील तर ती तासन्‌तास त्याच दुखऱ्या जागा वाचत बसते आणि शेवटी फोल्डरच्या जागी ‘फाउंड’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘सीएचके’ शेपटीच्या निनावी फाइलींचा ढीग ठेवते.

कुणी आधीच फॉरमॅट मारून ठेवलं असेल, तर ते ‘क्विक’ होतं का ते विचारा. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त नवी अनुक्रमणिका (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची यादी) लिहिली जाते, जुने फोटो फिरत्या डिस्कवर जागच्या जागी असतात आणि वर काही लिहिलं नसेल तर बरेचसे मिळतात. ‘क्विक’ची टिकमार्क काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या सबंध डिस्कवर शून्यं लिहितात; मग कुणीही काहीही सांगितलं तरी पैसे घालवू नका. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचं गणित आणखी वेगळं. तिच्यात ‘ट्रिम’ची सोय चालू असेल तर पुसलेल्या जागा ती स्वतःच रिकाम्या करते, त्यामुळे क्विक फॉरमॅटनंतरही आशा फारच कमी.

आता निरुपद्रवी कारणं बाजूला काढा. स्टुडिओवाल्याने लग्नाचे फोटो ॲपलच्या मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर भरून दिले असतील तर विंडोजला ती डिस्क वाचताच येत नाही आणि तेही ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. मॅकला लावून पाहा, फोटो सुखरूप दिसतील. दुसरं कारण टीव्ही. पेनड्राइव्हवरचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायला तो टीव्हीला लावतात, रिमोटवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं जातं, टीव्ही विचारतो ‘डिस्क तयार करू?’ आणि कुणीतरी ‘ओके’ म्हणतं. अनेक टीव्ही अशा वेळी आपल्या पद्धतीने फॉरमॅट करून मोकळे होतात. टीव्हीला लावायला आठ-सोळा जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, ज्यातलं काही गेलं तरी जीव हळहळणार नाही.

वायर, पोर्ट, आवाज

पोर्टेबल डिस्कची मोटर फिरायला लागते त्या क्षणी तिला एक अँपिअरच्या आसपास करंट लागू शकतो. जुन्या यूएसबी २ पोर्टची हमी ५०० मिलीअँपिअरची, निळ्या यूएसबी ३ पोर्टची ९०० मिलीअँपिअरची. बहुतेक पोर्ट त्याहून थोडं जास्त देतात म्हणून आपलं भागतं. पण डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून बारीक वायरीने जोडलेले असतात, त्यात वायर जुनी आणि लांब असेल तर डिस्कला पुरेसं पोचत नाही. मग ती टिक-टिक करते, बंद पडते, पुन्हा सुरू होते, आणि ऐन लिहिताना असं झालं की अनुक्रमणिका अर्धवट राहते. ‘पुन्हा पुन्हा फॉरमॅट मागणाऱ्या’ डिस्कचा खरा आजार कधीकधी एवढाच असतो. वायर बदला, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, मधला हब काढून टाका. त्या चपट्या, मधे खाच असलेल्या कनेक्टरची वायर हाताने किंचित हलवली की डिस्क दिसेनाशी होते का, हेही बघा. होत असेल तर दोष वायरीचा किंवा सॉकेटचा.

चांगल्या वायरीवर, मागच्या पोर्टला लावूनही एका लयीत टक-टक येत राहिली, तर आतल्या हेडला (फिरत्या तबकडीवरची माहिती वाचणाऱ्या टोकाला) वाचता येत नाहीये. बारीक ‘बीप’ येत असेल तर मोटर फिरतच नाहीये, बहुधा हेड तबकडीला चिकटलंय. दोन्ही प्रकारांत डिस्क तत्काळ काढा. घरी करण्यासारखं आता काही उरलेलं नाही, आणि ती जितका वेळ चालू राहील तितकी तबकडी ओरबाडली जाईल. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा नागपूरच्या हवेत तर मुळीच करू नका. थंडगार डिस्क कुलर चालू असलेल्या खोलीत आणली की तिला घाम फुटतो आणि तो आत तबकडीवर बसतो.

आवाज नसेल तर पुढे. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्कचा आकार बरोबर दिसतोय पण फाइल व्यवस्थेच्या जागी ‘रॉ’ लिहिलंय (कॅमेऱ्याच्या रॉ फोटोंशी याचा संबंध नाही), तर डिस्क ओळखली जातेय, फक्त अनुक्रमणिका बिघडलीय. ही सगळ्यात बरी बातमी. ‘नो मीडिया’ किंवा शून्य आकार दिसला तर बिघाड बहुधा डिस्कच्या आतला. आकार बरोबर असूनही ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ म्हणत असेल तर ‘इनिशिअलाइज’ करू नका, तेही डिस्कवर लिहिणंच आहे.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळं ‘गुड’ बघून समाधान मानू नका, खालच्या यादीत तीन ओळी वाचा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब निघाल्याने बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. आकडे आधी हेक्स म्हणजे सोळाच्या मोजणीत दिसतात. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज असं जाऊन नेहमीच्या दहाच्या मोजणीवर आणा. तिन्ही शून्य असतील तर डिस्क बहुधा शाबूत आहे, दोष वायर, वीज किंवा ओढून काढण्याचा. सी५ शून्याच्या वर असेल आणि दोन दिवसांत वाढत असेल, तर ही डिस्क फोटो परत मिळवण्यापुरतीच उरली आहे, वापरण्यापुरती नाही. ती फॉरमॅट करून ‘नीट झाली’ म्हणणारा माणूस तुमचं पुढच्या खेपेचं नुकसान पक्कं करतोय.

फोटो बाहेर काढणं

नियम एकच: आधी सबंध डिस्कची हुबेहूब प्रतिमा (‘इमेज’, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एक मोठी फाइल) दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मग शोधाशोध त्या प्रतिमेवर करा. एक टीबीच्या डिस्कसाठी दोन टीबीची रिकामी डिस्क लागेल, कारण प्रतिमाही तिथेच आणि सापडलेले फोटोही तिथेच. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून विंडोजऐवजी थेट लिनक्स सुरू होतं) करून त्यातलं डीडीरेस्क्यू वापरणं सगळ्यात भरवशाचं. ते आधी सोपा भाग उतरवून घेतं, अडलेल्या जागा शेवटी हळूहळू वाचतं, आणि मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) दिली असेल तर मधेच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. मॅपफाइल द्यायला विसरू नका. त्याला आधी दिलेलं नाव कुठल्या डिस्कचं आणि नंतरचं कुठल्या, हे दोनदा तपासा. उलट झालं तर रिकामी डिस्क फोटोंवर उतरते.

वेळ धरून चाला. निरोगी डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी देते असं मानलं तर एक टीबीला पावणेतीन तास, यूएसबी २ वर आठ-नऊ तास. सेक्टर खराब असतील तर कित्येक पटीने जास्त. म्हणून लॅपटॉप चार्जरवर आणि त्याची बॅटरी भरलेली, झोपायची सेटिंग बंद. मोठी, स्वतंत्र अडॅप्टरची डिस्क असेल तर अडॅप्टर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर, नाहीतर मधे लाइन गेली की सगळं मुसळ केरात.

प्रतिमेवर आधी टेस्टडिस्क चालवा. अनुक्रमणिका सावरता आली तर फोल्डर आणि नावांसकट सगळं परत दिसतं. नाहीच जमलं तर त्याच जोडीतलं फोटोरेक. ते अनुक्रमणिकेकडे न बघता फोटोच्या फाइलची सुरुवात ओळखून तुकडे उचलतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. हजारो फाइली ‘एफ’ आणि पुढे आकडे अशा नावांनी मिळतात. घाबरू नका, कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात काढल्याची तारीख असते आणि तिच्यावरून पुन्हा वर्ष-महिन्याची फोल्डर लावता येतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत ही तारीख बहुधा नसते, ते वेगळे काढून हातानेच बघावे लागतात.

सापडलेले फोटो एकेक उघडून पाहा. वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टा, असे फोटो म्हणजे फाइल अर्धीच मिळाली. डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे डिस्क द्यायची वेळ आलीच, तर तीनच प्रश्न विचारा: आधी क्लोन (हुबेहूब प्रत) करून त्यावर काम करता का, हेड बदलायला सारख्या मॉडेलची डिस्क मिळवता का, आणि पैसे घेण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवता का. तिथल्या तिथे स्क्रू काढून ‘बघू’ म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. उघड्या हवेतली धूळ तबकडीला पुरते.

डिस्क बिघडते कशाने: नागपूरची कारणं

उष्णता. पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाची मर्यादा बहुधा सभोवतालच्या ३५ अंशांची दिलेली असते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाहेर पारा ४५ च्या वर असतो आणि एसी नसलेल्या खोलीत दुपारी तीनला चाळिशीच्या आसपास. त्यात दोनशे जीबी फोटो उतरवायला लावले की डिस्क स्वतः त्याच्या दहा-पंधरा अंश वर जाते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वरच तापमान दिसतं. ५० दिसलं की थांबवा. मे महिन्यात मोठी कॉपी पहाटे लावा. आणि डिस्क गाडीच्या डिक्कीत ठेवून उन्हात गाडी उभी करू नका, मग ती सीताबर्डीच्या बाजारात अर्ध्या तासाच्या कामासाठी का असेना.

कुलर. नागपूरच्या घरात टेबल कुलरसमोरच असतं. हवेबरोबर बारीक तुषार येतात, डिस्कच्या सॉकेटवर बसतात आणि संपर्कबिंदूंवर हिरवट गंज धरतो. सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहा. तोच एक्स्टेंशन बोर्ड कुलरचा, पंपाचा आणि कॉम्प्युटरचा असेल तर मोटर चालू-बंद होताना बसणारे धक्के आणि ढिला प्लग हे दोन्ही डिस्कच्या अडॅप्टरपर्यंत पोचतात. कॉम्प्युटरचा बोर्ड वेगळा घ्या. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही.

बंद घर. सुटीत सगळे गावी, घर महिनाभर बंद, एसएसडी लोखंडी आलमारीत. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न देता ठेवली की तो हळूहळू गळतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने लिहिण्याची पूर्ण क्षमता वापरून झाल्यावरही ३० अंशांत वर्षभर माहिती टिकवायची असते. तापमान वाढलं की ही मुदत वेगाने आखडते. नवी एसएसडी बरीच जास्त तग धरते, पण फोटो भरून चार वर्षं विसरून जायची ती वस्तू नव्हे.

पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट अशा भागांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. डिस्क आणि लॅपटॉप एकाच आलमारीच्या खालच्या खणात असतील तर दोन प्रती असून एकच. भिजलेली फिरती डिस्क चालू करू नका, उन्हात वाळवू नका. आतला गाळ वाळला की तबकडीला घट्ट धरतो. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्या. मेमरी कार्ड मात्र चिवट असतं, स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत दोन दिवस वाळवलं की बहुधा चालतं.

राहिली ओढून काढण्याची सवय. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंदवही नसते, त्यामुळे ती मधेच ओढली की अनुक्रमणिका तुटण्याचा धोका जास्त. डिस्क फक्त विंडोजवरच लागत असेल तर एनटीएफएस बरं. आणि स्वस्त दोन टीबीचा पेनड्राइव्ह घेतलात तर फोटो भरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने संपूर्ण भरून तपासा. खोट्या पेनड्राइव्हमध्ये खरी मेमरी ३२ किंवा ६४ जीबी असते. त्यापुढच्या फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतो, उघडल्यावर आत काही नसतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा हिशोब घरालाही लागू आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. नागपूरच्या घरात तो असा बसतो. पहिली प्रत कॉम्प्युटरवर. दुसरी पोर्टेबल डिस्कवर, कॉपी करून. कट कधीच नाही. तिसरी एकतर क्लाउडवर किंवा दुसऱ्या डिस्कवर वर्ध्याच्या, अमरावतीच्या नातेवाइकाकडे, आणि ती दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत अदलाबदल होणारी. दोन डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेऊ नका. एकाच खेपेच्या डिस्क एकदमच म्हाताऱ्या होतात.

कॉपीसाठी विंडोजच्या ओढून-टाकण्यापेक्षा टेराकॉपी वापरा आणि ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा. कॉपी झाल्यावर ते नवी प्रत पुन्हा वाचून मूळ फाइलीशी जुळवतं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, लागू द्या. नियमित कामाला फ्रीफाइलसिंक चांगलं, पण त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ यातला फरक समजून घ्या. मिररमध्ये कॉम्प्युटरवर चुकून पुसलेलं फोल्डर बॅकअपवरूनही पुसलं जातं. ‘अपडेट’ निवडा, आणि बदललेल्या फाइलींसाठी ‘व्हर्जनिंग’.

हाच घोळ फोनवर जास्त होतो. गुगल फोटोज म्हणजे फोन आणि क्लाउड यांचा मेळ. ॲपमध्ये फोटो डिलीट केला की दोन्हीकडून जातो, आणि बॅकअप झालेला असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस राहून कायमचा. फोनची जागाच मोकळी करायची असेल तर त्यासाठी ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हसकट आहे, आणि १ जून २०२१ पासून ‘स्टोरेज सेव्हर’ दर्जाचे फोटोही तीत मोजले जातात. ती भरली की बॅकअप थांबतो. वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘बॅकअप कम्प्लीट’ दिसतं का, हे दर महिन्याला बघा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर तर आधी बघा. स्टोरेज सेव्हर १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो लहान करतं, म्हणून लग्नाचे आणि छापायचे फोटो ‘ओरिजिनल क्वालिटी’त. दोनशे जीबी वर चढवायला ४० एमबीपीएसच्या अपलोडला साधारण अकरा तास. लाइनीचा अपलोड वेग डाउनलोडइतकाच आहे का ते आधी तपासा.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मूळ फोटो नसतो, दाबून लहान केलेला असतो. लग्नातल्या पाहुण्यांकडून फोटो मागवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तारीखही शाबूत येते.

कॅमेऱ्याच्या कार्डाबद्दल एवढंच: दोन प्रती होऊन उघडून पाहिल्याशिवाय ते रिकामं करू नका, आणि रिकामं करायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. २४ मेगापिक्सेलचा एक रॉ फोटो २५-३० एमबीचा. दोन दिवसांच्या लग्नाचे तीन हजार म्हणजे ७५-९० जीबी. एवढं सगळं एकाच कार्डावर घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन बरी.

वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या साफसफाईत, बॅकअपची डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधून दहा-बारा फोटो पूर्ण आकारात उघडा, सी५चा आकडा बघा, आणि डिस्कवर चिकटवलेल्या पट्टीवर तारीख लिहा. पाच वर्षं झालेली डिस्क आकडे चांगले असले तरी जादा प्रतीच्या कामाला लावा, तिच्या एकटीवर भिस्त नको.

जुन्या लग्नाच्या डीव्हीडी आलमारीत असतील तर त्याही या यादीत धरा. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतला रंगाचा थर उष्णतेने आणि उजेडाने फिका पडतो. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. एका ड्राइव्हने नाकारली तर दुसऱ्यात घाला. प्रत्येक ड्राइव्हची वाचण्याची ताकद वेगळी असते. कॉपी मधेच अडली तर तीच डीव्हीडी पुन्हा पुन्हा फिरवण्याऐवजी त्यावरही डीडीरेस्क्यू लावा, मॅपफाइल तीच ठेवून आधी एका ड्राइव्हवर, मग दुसऱ्यावर. एकाने सोडलेले तुकडे बऱ्याचदा दुसरा भरून काढतो.